ताईची नाडी मोजली तेव्हा

हा किस्सा मी सांगितला नाही तर आमची ताई सांगेल. आणि ती सांगते तेव्हा माझा आवाज काढून, माझ्यासारखी मान हलवून सांगते. त्यापेक्षा मीच सांगतो. ओतता चहा, की तसंच ऐकता?

तर आधी हे ऐका, की मी कॉलेज सोडलेला माणूस आहे. नापास होऊन नाही, भांडून. बुलढाण्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय मानसशास्त्र. भावना, प्रेरणा असं करत करत आमचे सर पुढच्या प्रकरणापाशी आले. लैंगिकता आणि लिंगभाव. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हे घरी वाचून घ्या."

घरी! अहो, आमच्या घरी टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, खोकायला लागतात!

लायब्ररीतून पुस्तक आणलं तर त्या प्रकरणाची पानं स्टेपल केलेली. वरून, खालून, बाजूनं. मी पिना काढल्या. तर मलाच म्हणाले, पुस्तकाचं नुकसान केलं, माफीपत्र लिही. मी म्हटलं, ज्यानं पानं शिवली त्यानं लिहावं. झालं. तिथून जो बाहेर पडलो तो पडलोच. पुस्तक परत द्यायचं राहिलं, ते राहिलंच.

आता रिकामा माणूस आणि हातात मानसशास्त्राचं पुस्तक. काय होणार? मी आमच्या गावात, देऊळघाटात, लोकांचे चेहरे वाचायला लागलो.

पहिला चेहरा मोठेबाबांचा. हा माणूस बोलत नाही, ओरडतो. पाणी मागतानाही ओरडतो. एकदा मी त्यांना शांतपणे सांगितलं, "मोठेबाबा, हा राग नाही. ही भीती आहे. आपलं कोणी ऐकणार नाही, ही भीती." त्यांनी चप्पल फेकून मारली. मी चुकवली आणि मनात म्हटलं, निदान बरोबर आहे.

आमचे बाबा वेगळे. त्यांना काहीही विचारा, ते आधी मोठेबाबांकडे पाहतात. पन्नाशी उलटली, पण स्वतःच्या मतानं त्यांनी एक चप्पलसुद्धा विकत घेतलेली नाही.

अशा घरात ताईला पाहायला पाहुणे येणार होते.

मुलगा धाड गावचा. नाव योगेश, रोपवाटिका आहे त्याची. मोठेबाबा महिनाभर गावभर सांगत होते, "म्याच शोधलं स्थळ! बजारात पोराचा मामा भेटला, दोन मिनिटांत ओळखलं म्या, घर चांगलं हाये."

मी विचारलं, "ताईले इचारलं का?"

"पोरीले काय इचारायचं? तिले काय समजते?"

तिला काय समजते! आमच्या शेतातली मिरची आणि वांगी तिच्या जिवावर उभी आहेत. कोणत्या रोगावर कोणती फवारणी, हे तिला झोपेत विचारा. पण नवरा कोणता, ते मोठेबाबांना समजते. ज्यांनी अजून मोबाईलवर हिरवं बटण कुठलं नि लाल कुठलं हे पाठ केलेलं नाही.

मी ठरवलं, आपण पाहायचं. म्हणजे ताईच्या चेहऱ्याकडे पाहायचं. ती तोंडानं काही बोलणार नाही, पण शरीर खोटं बोलत नाही. पुस्तकातच होतं.

रविवार उजाडला. ताईनं सकाळपासून काही खाल्लं नाही. बाहेर मोटरसायकल वाजली की दचकायची. पोह्यांत मीठ दोनदा टाकलं. आई ओरडली तर ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी. जी पोरगी शेतात साप निघाला तर काठी आण म्हणून मला सांगते, ती पोह्यांच्या मिठावरून रडते?

मी म्हटलं, "ताई, पाणी दे."

तिनं गिलास दिला. मी गिलासाबरोबर तिचं मनगटही धरलं.

"काय करून राह्यला बे?"

"काही नाही. थांब."

"सोड नं! हात काऊन धरला?"

नाडी घोड्यासारखी पळत होती. हात बर्फासारखा गार. तोंड कोरडं. मला धक्काच बसला. पुस्तकातली यादी जशीच्या तशी! भीती. शंभर टक्के भीती. माझ्या बहिणीला हे लोक जबरदस्तीनं उजवून राहिले होते, आणि घरात ते एकट्या मला दिसत होतं!

पाहुणे आले. योगेश, त्याचे वडील, आत्या, आणि तो बाजारात भेटलेला मामा. सतरंजीवर बसले. ताई पोहे घेऊन आली. मोठेबाबा मिशीवरून हात फिरवत बसले होते, जणू पोहे त्यांनीच केले.

आता मी मुलाकडे पाहिलं. आणि मला दुसरा धक्का बसला.

तो ताईकडे पाहतच नव्हता! एकदासुद्धा नाही! भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे टक लावून बसला होता. कपाळाला घाम. ताई बशी घेऊन समोर वाकली, तर गडी एकदम लाल झाला आणि मान फिरवून आमच्या बैलजोडीच्या फोटोकडे पाहायला लागला.

तुम्हीच सांगा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा मुलगी पाहायला येतो आणि बैल पाहतो? माझ्या डोक्यात पिना काढलेली ती सगळी पानं फडफडायला लागली. त्यात लिहिलं होतं, काही पुरुषांना बायांबद्दल ओढ वाटत नाही. तो आजार नाही, दोष नाही. पण घरचे लग्न लावून देतात आणि दोन आयुष्यांची माती होते.

दोन आयुष्यं! समोरच बसली होती. एक बैलांकडे पाहत होतं, एक थरथरत स्वयंपाकघराच्या दारामागं उभं होतं.

तेवढ्यात मोठेबाबा म्हणाले, "मंग काय, पोरगी पसंत हाये नं? सुपारी फोडून टाकू."

आणि मी उभा राहिलो.

बाबांनी माझा शर्ट ओढला. ते माझं तोंड उघडण्याआधीच घाबरतात. पण मी थांबणारा होतो का?

"सुपारी नंतर," मी म्हटलं. "या घरात कोनं ताईले इचारलं नाही. तिची नाडी म्या मोजली हाये. ती भेलेली हाये. तिले हे लग्न नाही पाहिजे."

मोठेबाबांचा हात मिशीवरच राहिला. मध्यस्थ मामा तोंडातले पोहे चावायचा थांबला. आता तरी मी बसायचं ना? पण खरं बोलायला लागलं की मला जोर चढतो. मी सरळ योगेशच्या वडिलांकडे वळलो.

"अन् काका, तुमच्या पोरालेही नाही पाहिजे. त्याले बायांमधी रस नसंन, तं तो काही आजार नाही. त्याच्यावर जबरदस्ती करू नका. पुस्तकात लिहेल हाये."

अहो! गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली असं वाटलं मला. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. योगेशच्या हातातली बशी तिरपी झाली आणि पोहे हळूहळू सतरंजीवर उतरले. तो तोंड उघडत होता, मिटत होता.

मला वाटलं, बिचाऱ्याला पहिल्यांदा कोणीतरी समजून घेतलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "घाबरू नको भाऊ. मी हाये तुह्या संग."

आणि दार धाडकन उघडलं.

ताई! पदर खोचलेला, हातात झारा. "त्याले रस नाही? त्याले? अबे येड्या, दोन वर्षं झाले, सकायी उठल्याबरोबर पयला मेसेज त्याचाच असते मले! म्याच सांगतलं होतं त्याले आज, की माह्याकडे पाहू नको, पाह्यलं तं तू हसशीन अन् सगळं बाहेर येईन!"

मग ती थांबली. आपण काय बोललो ते तिला तेव्हा समजलं. झारा हळूच खाली आला.

आत्याबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

पहिला आवाज बाबांचा निघाला. आयुष्यात पहिल्यांदा मोठेबाबांकडे न पाहता ते बोलले. "म्हनून मी म्हनो, देऊळघाटाच्या जवळ एवढ्या रोपवाटिका हायेत, ही मिरचीचं रोप धाडवरूनच काऊन आनते!"

"अन् वांग्याचंही," आई आतून म्हणाली. तिला माहीत होतं! आईला सगळं माहीत होतं! मी चेहरे वाचत गावभर फिरलो, आणि चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईचा चेहरा मला कधी दिसला नाही.

मोठेबाबा उठले. आता ते लालभडक. "म्हंजे हे... हे प्रेमप्रकरण हाये? माह्या घरात? अन् तो मामा बजारात मले भेटला, तो..."

मामा सतरंजीचा धागा ओढत म्हणाला, "पोरानं धाडलं होतं मले, दादा. म्हने, त्याईले असं वाटू द्या का स्थळ त्याईनंच शोधलं."

बघा, काय डोकं लावलं होतं त्या दोघांनी! मोठेबाबांना विचारलं तर ते नाही म्हणतील, म्हणून त्यांनाच हो म्हणायला बसवलं. दोन वर्षांची मेहनत. सुपारी फुटायला एक मिनिट बाकी होतं. आणि त्या एका मिनिटात मी उभा राहिलो.

मोठेबाबा ओरडले, "नाही व्हनार हे लग्न!"

योगेशचे वडीलही उठले. "आमालेही नाही करायचं! आमच्या पोराले भरल्या घरात काय काय म्हनलं यानं!" दोघं म्हातारे समोरासमोर, पंचे सावरत. ताई भिंतीला टेकून खाली बसली. आता तिचे हात थरथरत नव्हते. नुसते पडले होते मांडीत. याचा अर्थ कोणत्याही पुस्तकात पाहायची गरज नव्हती.

वाचवलं ते आत्याबाईंनी. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भांडा, भांडा. बाहेर ओसरीवर चार लोकं कान लावून हायेत. आता लग्न मोडलं तं उद्या धाडात अन् देऊळघाटात काय सांगसान? पोरांनी तुमाले येडं बनवलं, हे सांगसान?"

दोन्ही म्हाताऱ्यांनी ओसरीकडे पाहिलं. इज्जतीचं नाव काढलं की ही पिढी कशी पटकन शहाणी होते! पोरीचं मन दिसत नाही त्यांना, ओसरीवरचे कान मात्र दिसतात.

मोठेबाबा परत बसले. मिशीवर हात गेला. आणि मग हळू आवाजात, हो, हळू आवाजात, ते म्हणाले, "स्थळ म्याच शोधलं हाये. बजारात."

"हाव," योगेशचे वडील म्हणाले. "आमाले तसंच माहीत हाये."

"मंग आता जे बोलनं झालं, ते?" मामानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी! आईनंसुद्धा!

"त्याचं असं हाये," मोठेबाबा खिडकीकडे तोंड करून, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "कॉलेज सोडलं तसं त्याच्या डोस्क्यात थोडा फरक पडला. काहीही बोलते. मनावर घेऊ नका."

आणि माझ्या बाबांनी, जन्मभर मोठेबाबांच्या हो ला हो म्हणणाऱ्या माझ्या बाबांनी, या वेळीही मान हलवली. "लय औषध केलं," म्हणाले. औषध! मला सर्दीचीसुद्धा गोळी दिली नाही कधी.

सुपारी फुटली. त्या दिवसापासून गावात पोरं मला हात पुढं करून म्हणतात, "भाऊ, नाडी पाह्य नं, प्रेम हाये का भेव?" मी काय सांगणार? मागाहून ते भावनांचं प्रकरण नीट वाचलं. दोन पानं पुढं स्पष्ट लिहिलेलं होतं, छाती दोन्हीत सारखीच धडधडते, नुसत्या धडधडीवरून काही ओळखू येत नाही. ती दोन पानं तेवढी मी घाईत उलटली होती.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मोठेबाबा मांडवात पाहुण्यांना सांगत होते, आपण बाजारात दोन मिनिटांत घर कसं ओळखलं. ताई माझ्या गळ्यात पडली. तिचे खांदे गदगदा हलत होते. माझा जीव तुटला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "रडू नको ताई. मी हाये नं."

तिनं तोंड वर केलं. हसत होती! मोठेबाबांचं ऐकून हसू आवरत नव्हतं, म्हणून माझ्या खांद्यात तोंड लपवलं होतं तिनं. माझ्याकडे पाहिलं, पदर पुढं केला आणि म्हणाली,

"घे, डोळे पूस. सगळा मांडव पाहून राह्यला. कोन कोनाले उजवून राह्यलं, तेच समजेनासं झालं बे त्याईले."