हात धुतलेस ना?

बेडपॅन, पू, उलटी, रक्त यांची मला किळस वाटत नाही. सुरुवातीचे काही महिने वाटली, मग गेली. माणसांची मात्र अजून वाटते, आणि रिटायर झाल्यापासून जास्तच, कारण आता त्यांच्याकडे नीट बघायला वेळ आहे.

मी नर्सिंगला गेले तेव्हा अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या आमच्या आळीत सुतक असल्यासारखे चेहरे झाले होते. नर्सिंग म्हणजे विधवांचं, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचं, नाहीतर केरळातून आलेल्या मुलींचं काम, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आमच्या वर्गात तशा बायका होत्याही, आणि त्यांच्याइतकं चोख काम पुढे मी कुणाचं पाहिलं नाही. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "डीएड करायचं होतं की. परक्या पुरुषांची घाण काढायला कशाला पाठवलीत पोरीला?" पुढे त्यांच्याच नवऱ्याला लघवीची नळी लागली तेव्हा ती बदलायला त्या मलाच बोलवायच्या. मागच्या दारानं ये, असा निरोप असायचा.

लग्नाच्या वयात मला बघायला बेलवलीचं एक कुटुंब आलं. मी पोह्यांची बशी पुढे केली. मुलाच्या आईनं बशीकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "हात धुतलेस ना?" मी हो म्हटलं. तरी बशी तशीच राहिली, आणि नंतर त्यांच्याकडून साधा निरोपही आला नाही. मला पुढे नवरा चांगला मिळाला. तो कारखान्यात फिटर होता, त्याचीच नखं ग्रीसनं काळी असायची.

नोकरी सगळी उल्हासनगरात झाली. तिथली सिंधी म्हातारी माणसं मला 'अदी' म्हणायची, म्हणजे ताई, आणि ती हाक मला कुठल्याही प्रमोशनपेक्षा गोड लागायची. माझ्या डोळ्यांदेखत काचेच्या सिरिंजा उकळणं गेलं, डोक्यावरची टोपी गेली, डॉक्टर आले की ताडकन उभं राहणं गेलं. कागदोपत्री स्टाफ नर्सची नर्सिंग ऑफिसर झाली. पेशंटचे नातेवाईक मात्र चुटकी वाजवूनच बोलवत राहिले. स्वतःच्या बापाची चादर ओली झाली की नाकाला रुमाल लावून बाहेर जाणारी धडधाकट मुलं मी इतकी पाहिली, की रुमाल दिसला तरी माझं डोकं फिरतं.

आता माझ्या भावाची मुलगी नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग झाली, जर्मन भाषेची परीक्षा पास झाली, आणि तिकडच्या एका हॉस्पिटलनं तिला बोलावलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, खूश झाला पण अडून बसला. लग्न करूनच जायचं, नाहीतर पासपोर्ट माझ्या कपाटात राहील, असं त्यानं सांगून टाकलं. आणि बातमी फुटल्याबरोबर स्थळांची रीघ लागली. ज्यांच्या घरात 'नर्स नको बाई' म्हणायचे, तेच आता 'नर्सच हवी' म्हणत होते. मुलगी तिकडे गेली की जावईही तिच्या व्हिसाच्या शेपटाला धरून जाणार, एवढाच हिशोब. मला अक्षरशः शिसारी आली. पण पोरीचं जाणं त्या होकारावर अडलं होतं, म्हणून मीही गप्प बसले.

त्यातलं एक स्थळ दादाला पसंत पडलं. शेत विकून सोनिवलीत टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेलं घर, मुलगा आयटीत. आम्ही घर बघायला गेलो. बाल्कनीत प्लॅस्टिकचं गवत, सोफ्यावर न काढलेलं कव्हर, आणि हॉलभर मोगऱ्याचा स्प्रे. त्या मोगऱ्याच्या खालून दुसरा एक वास येत होता. भाचीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. पाठ सडायला लागली की येतो तो वास, आम्हा दोघींनाही तो चुकणं शक्य नव्हतं.

"आत कोण आहे?" भाचीनं विचारलं.

"सासूबाई. पडूनच असतात," मुलाची आई म्हणाली. "त्यांना सांभाळायला ठेवलेली ब्युरोची बाई सोडून गेली ना मध्येच. मिळतच नाहीत हो हल्ली बाया."

भाची उठली, बेसिन विचारून कोपरापर्यंत हात धुतले आणि बंद दार उघडून आत गेली. मीही तशीच हात धुऊन तिच्या मागे गेले. पलंगावरची म्हातारी म्हणजे काही मला नाकारणारी ती बेलवलीची बाई नव्हती. गोष्टीत तीच निघाली असती. अशा बाया गल्लोगल्ली असतात, त्यासाठी योगायोग लागत नाही. हनुवटीवर भाताची शितं वाळलेली, खाली चादर ओली, आणि कमरेच्या वर बशीएवढी जखम. बाहेर एवढा मोठा टीव्ही होता आणि आत साधा पंखा बंद होता.

"जरा इकडे धरता का?" भाचीनं मुलाला हाक मारली. "एका अंगावर वळवायचंय."

तो दारापर्यंत आला. नाकाला रुमाल. "सॉरी, मुझसे नहीं होगा यार... म्हणजे, मला नाही बघवत. मम्मीला सांगा ना."

"मला तर उलटीच होते बाई," मम्मी मागून म्हणाली.

आम्ही दोघींनीच म्हातारीला वळवलं, पुसलं, जखम धुतली, सुती लुगडं फाडून ते कोरडं खाली अंथरलं. म्हातारीनं भाचीच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि विचारलं, "कोनाची गो पोर तू?" त्या मुठीकडे बघताना मला रडू आलं आणि बाहेरच्यांचा संतापही आला.

बाहेर आलो तर मुलाची आई नारळ आणि कुंकवाचं ताट घेऊन तयार. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. दादाला म्हणाली, "बघा, आमचं केवढं टेन्शन गेलं. व्हिसा येईपर्यंत तरी बाईचे पैसे वाचले." मग भाचीकडे वळून, "हात धुतलेस ना गं? चांगले साबणानं धुऊन ये, म्हणजे कुंकू लावते."

बेलवलीची ती बशी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाची बोलली. वॉर्डात बोलतात तशा सरळ आवाजात.

"मी आत जायच्या आधीच धुतले होते. आपल्या हातचं काही आजींना लागू नये म्हणून. आताही धुते. पण कुंकू नको."

परतीची रिक्षा पकडली. मला वाटलं, संपलं, पासपोर्ट आता कपाटातच राहणार. बदलापूर मागे पडल्यावर दादा भाचीला म्हणाला, "तू गेल्यावर मी असा पडलो, तर मला कोण वळवणार?"

एवढ्या वेळात त्याला म्हातारीत तो स्वतःच दिसला होता. मला त्याचीही थोडी किळस आली, पण निदान काहीतरी दिसलं होतं.

"दादूला शिकवून जाते," भाची म्हणाली. दादू म्हणजे तिचा थोरला भाऊ, बँकेत आहे, जिममध्ये जातो. "मग देणार ना पासपोर्ट?"

"घे," दादा म्हणाला.

त्या म्हातारीसाठी मी नंतर फोन केले. त्या घरच्यांनी उचलले नाहीत.

पोरीनं मात्र त्याच संध्याकाळी मला पेशंट केलं. पलंगावर आडवी पाडली, दादूला शेजारी उभं केलं. तो हसत वाकला आणि माझ्या खांद्याखाली हात घालणार, तोच तिनं त्याचं मनगट पकडलं.

"आधी हात धू."

"का? आत्या काय घाण आहे?"

"आत्या नाही," ती म्हणाली. "तू."