रडगाण्यावर पोल्का

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या कॉलेजच्या रेडिओवर शनिवारी सकाळी बर्नाडीन ग्रोमेक पोल्का नाचाची गाणी लावते. बाई बावीस वर्षं कॉलेजच्या खानावळीत सूप ढवळतेय, पण गावाला नाचवायचा मक्ता आपलाच, असा तिचा तोरा.

गेल्या शनिवारी रेडिओ सांभाळणाऱ्या केलब या विद्यार्थ्याने तिला बजावलं, "मिसेस ग्रोमेक, तासाला एक तरी नवी रेकॉर्ड लावा. नाहीतर तुमची वेळ दुसऱ्याला देणार."

तिने नव्या रेकॉर्डच्या खोक्यातली सगळ्यात रडकी रेकॉर्ड उचलून लावली. पण यंत्र तिच्या जुन्या छोट्या रेकॉर्डच्या जलद वेगावरच राहिलं होतं. रडगाणं टणाटण उड्या मारू लागलं, गाणारा उंदरासारखा चिरकला. लगेच फोन खणखणले. "बर्नी, ही पोल्का कुणाची गं? आम्ही स्वयंपाकघरात नाचतोय!"

केलब धावत आला. "अहो, वेग चुकलाय!"

चूक तिला केव्हाच कळली होती, पण कबूल करेल तर ती बर्नाडीन कसली! "नवी लावा म्हणालास, लावली. वेगाचं काही बोलला होतास का, बाळा?"

पुन्हा फोन वाजला. तो केलबनेच घेतला आणि तीच पोल्का पुन्हा लावायची फर्माईश ऐकता ऐकता वेळापत्रकात वर्षभराचे शनिवार तिच्या नावावर लिहून टाकले.