जिल्ला म्हणजे सावली

दोन हजार सतरा साल होतं आणि मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात माझ्याच अंगणात, नातीच्या बारशाला, मी चुलतभावाचा दात पाडला. आमचं गाव गोंदियातलं, बोदलकसाच्या तलावाकडलं. शाळा मी तिसरीत सोडली, पण एका परमुलखातल्या शब्दाचा अर्थ गावात माझ्याइतका कोणाला ठाऊक नाही.

सून कोकणातली, बेने इस्रायल, म्हणजे यहुदी. घरी मराठीच बोलतात, फक्त शनिवारी चूल पेटवत नाहीत. ती ठाण्याला नर्स होती, माझा पोरगा त्याच दवाखान्यात विजेचं काम करायचा. लग्नाला मी गेलो नाही. नात झाली तेव्हा निरोप धाडला, बारसं माझ्याच अंगणात होईल.

बायांनी पाळणा सजवला. सून वाकली आणि नाव बोलली, "जिल्ला."

माझ्या शेजारी पंगतीत बसलेला चुलतभाऊ मांडीवर थाप मारून ओरडला, "जिल्हा? अबे, भंडारा फोडून गोंदिया केला, आता हिनं तिसरा काढला! कलेक्टर कोण हाय, दादा?"

"तालुका पुढच्या साली!" मागून कोणीतरी बोललं.

पंगत फुटून हसली. मलाही तेच ऐकू आलं होतं. पण माझ्या नातीवर हसायचं तर मी हसेन, दुसऱ्यानं कायले हसावं?

"काऊन दात काढून राहिला बे?" मी म्हटलं.

सून शांतपणे म्हणाली, "जिल्हा नाही काका, जिल्ला. हिब्रू नाव आहे, माझ्या आजीचं. मूळ त्सिल्ला, आमच्या घरी बोलता बोलता जिल्ला झालं. त्याचा अर्थ सावली. ती माणसं वाळवंटातली, त्यांना सावलीहून मोठं काय असणार?"

"मग सावलीच ठेव ना," मी म्हटलं.

"अर्थ सावली आहे, बाबा. नाव जिल्ला आहे."

एवढी अडेल बाई मला माझ्या आईनंतर तीच भेटली.

चुलतभावाचं हसणं थांबलं. "सावली? जात ना धरम. हिची सावली पडली त्या पंगतीत मी कायले जेवू?" आणि त्यानं समोरची पत्रावळ पायानं लोटली. भात मातीत गेला.

बैल हाकायची काठी, आमची तुतारी, भिंतीशी उभी होती. ती कधी हातात आली मला कळलं नाही. पहिला दणका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. तो पाठीवर पडला तरी मी थांबलो नाही. त्याच्या पोरानं पितळी लोटा माझ्या कपाळावर हाणला. डोळ्यात रक्त उतरलं, सगळं लाल दिसू लागलं. माझा पोरगा त्याच्या पोराच्या नरड्याला भिडला. बाया पाळणा ओढत किंचाळत होत्या. चुलीवरचा वरणाचा गंज उलटला, एकाचा पाय भाजला. तो दात मला भातात दिसला, तांदळापेक्षा जरा मोठा.

सुनेनं आधी चुलतभावाचं तोंड धुतलं. ती त्याच्यावर वाकली होती, तिची सावली त्याच्या तोंडावर पडली होती. तेव्हा मात्र लेकाच्यानं तोंड आणखी पुढं केलं.

मग माझं कपाळ बांधता बांधता ती म्हणाली, "आमच्या जुन्या कथेत जिल्ला नावाची बाई आहे. नवरा तुमच्यासारखा. कोणी जखम केली म्हणून त्यानं माणूस मारला, आणि घरी येऊन बायकांना फुशारकीनं सांगितलं."

"मी तर दातच पाडला. मग ती काय बोलली?"

"कथेत तिला बोलूच दिलं नाही. पण मी बोलते. उद्या सकाळच्या गाडीनं मी पोरीला घेऊन जाते, पुन्हा येणार नाही. माझ्या पोरीचं नाव तोंडात धड घेणारं एक माणूस इथं नाही. तुम्हीसुद्धा नाही, बाबा."

मी तोंड उघडलं. जिल्हाच निघालं. ती उठून बॅग भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चुलतभावाच्या घरात शिरलो आणि त्याला खाटेवरून मनगट धरून उठवलं.

"अजून मारतं का, दादा?" त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं.

"मुकाट्यानं चाल."

ओढत माझ्या अंगणात आणला. सून दारात बॅग आणि पोर घेऊन उभी. मी मनगट पिरगाळलं. "म्हण नाव."

त्यानं रक्त थुंकलं. पडलेल्या दाताच्या फटीतून हवा सुटली. "त्सिल्ला."

सून बघतच राहिली. "माझी आजी अगदी असंच म्हणायची," ती म्हणाली. "तिलाही पुढचे दात नव्हते. आता तुम्ही, बाबा."

माझे दात सगळे शाबूत. मी जीभ त्यांच्यावर दाबली आणि नातीकडे बघून नाव घेतलं, धड घेतलं. मग सुनेच्या हातातली बॅग हिसकावली आणि आत नेऊन धान साठवायच्या ढोलीवर, तिचा हात पुरणार नाही इतकी उंच ठेवली.