दुसऱ्याच्या घरातले हसन उस्ता

हसन उस्ता रिकाम्या घरात शिरण्याआधीही दारावर थाप मारायचे. जेद्द्याच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या पेठेत, आम्ही पोवळ्याच्या दगडांची घरं दुरुस्त करत होतो. त्यांतली कित्येक वर्षानुवर्षं बंद, आत कबुतरं आणि मांजरं. तरी उस्ता तीनदा थाप मारणार, दोन पावलं मागे सरकून थांबणार, आणि कुणी येत नाही अशी खात्री झाल्यावरच आत पाऊल टाकणार. मजूर खाली मान घालून हसायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "उस्ता, आत कोण असणार आहे?" ते म्हणाले, "माणूस नसतो, मोहंदिस. मालक असतो." मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही.

ते सुतार; उस्ता म्हणजे कसबी कारागीर. बलदच्या घरांना भिंतीबाहेर आलेल्या मोठ्या लाकडी जाळीच्या खिडक्या असतात, त्या बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. साठीकडे झुकलेले, पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल. पाठीमागून हाक मारली की केवढ्याने दचकायचे! चहाला बसले की तोंड नेहमी दाराकडे. गाव विचारलं की "तुर्कस्तान" एवढंच सांगून विषय संपवायचे. पण मी पडलो चिपळूणचा. समोरच्याचं गाव आणि वाडी काढून घेतल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. इंग्रजी, हिंदी आणि अरबीची खिचडी करून मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो, तेव्हा कुठे खरं गाव बाहेर आलं. ते सायप्रसचे होते.

जन्म बेटाच्या दक्षिणेकडचा. सात वर्षांचे असताना बेटाचे दोन तुकडे झाले, तुर्क उत्तरेला आणि ग्रीक दक्षिणेला. उस्तांच्या घरच्यांना उत्तरेत, दक्षिणेला पळून गेलेल्या एका ग्रीक कुटुंबाचं घर मिळालं. कपाटात त्या लोकांचे कपडे तसेच होते. उस्तांच्या आईने ते कधी अंगाला लावले नाहीत. दर उन्हाळ्यात बाहेर काढून ऊन दाखवायची आणि घड्या घालून परत ठेवायची. "येतील तेव्हा कुबट वास नको," म्हणायची. वडील मात्र दारात गाडी थांबली तरी पांढरेफटक पडायचे. उत्तरेतल्या सरकारने त्यांच्या नावाचा कागद करून दिला होता, पण दक्षिणेत त्या कागदाला कुणी विचारत नव्हतं. तिथे जुना मालकच मालक. "बापाने मला दोन गोष्टी दिल्या," उस्ता म्हणायचे, "रंधा आणि भीती."

ती भीती आता फार वाढली होती. त्यांचा मुलगा मुराद ते घर आणि मागची संत्र्यांची बाग एका बिल्डरला विकायला निघाला होता. हाच मुराद रोज सकाळी मधली चौकी ओलांडून दक्षिणेतल्या एका गॅरेजात कामाला जायचा. आणि ग्रीकांची उत्तरेतली जमीन विकली म्हणून दक्षिणेत लोकांना अटक व्हायला लागली होती. "सही झाली आणि मालकाने तक्रार केली तर पोराला चौकीवरच उचलतील," उस्ता सांगायचे आणि उगाच पाठीमागे बघायचे.

नेमकी अशात मी माती खाल्ली. चुन्याच्या कामासाठी आंद्रेआस नावाचा एक तज्ज्ञ आला. सायप्रसचाच, पण ग्रीक. मला कोण आनंद! आपल्याकडे नाही का, दोन गाववाले एकमेकांना भेटवून दिले की काहीतरी पुण्य पदरात पडल्यासारखं वाटतं? मी त्याला हाताला धरून आणलं आणि म्हणालो, "हे आमचे हसन उस्ता. तुमच्याच बेटावरचे!" बोलून झाल्यावर उस्तांचा चेहरा पाहिला आणि आंद्रेआसचा हात सोडला.

आंद्रेआसने हसून तोच प्रश्न विचारला, जो मी विचारला असता. "कुठलं गाव?" उस्तांनी उत्तरेतल्या, घर होतं त्या गावाचं नाव सांगितलं. मग त्याने हळूच विचारलं, "आणि घर कुणाचं?"

"माहीत नाही," म्हणून उस्ता जिना चढून निघून गेले. आंद्रेआस मला म्हणाला, "त्या गावातून पळून आलेले ग्रीक आमच्याकडे अजून एकमेकांना धरून आहेत. मी शोधतो." नको म्हणायला हवं होतं.

उस्ता माझ्याशी बोलेनासे झाले. एकदाच म्हणाले, "मोहंदिस, माझ्या मुलाला काही झालं तर मी तुला काय म्हणू?" मुरादला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण आंद्रेआसचा फोन वाजला की मी हातातलं काम सोडून ऐकत राहायचो.

दोन आठवड्यांनी, दुपारच्या नमाजानंतर, आंद्रेआस फोन हातात धरूनच वर आला. "सापडली. एलेनी नाव. नवरा गेलाय, एकटी असते. तिला बोलायचंय."

उस्तांनी अर्धवट बसवलेल्या खिडकीची चौकट घट्ट धरली. "सांग, उस्ताचं काम खलास. कायमचा मायदेशी गेला."

"फोन चालू आहे, उस्ता," आंद्रेआस म्हणाला.

फोनमधून एका म्हातारीचा आवाज आला, बारीक आणि कापरा. ती थांबतच नव्हती. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण उस्तांचा चेहरा बदलत गेला. मग ते चक्क ग्रीकमध्ये बोलायला लागले, पहिलीतल्या मुलासारखे अडखळत. लहानपणी ग्रीक मुलांबरोबर खेळताना शिकलेली भाषा त्यांनी आंद्रेआसपासून इतके दिवस लपवून ठेवली होती. आंद्रेआस बघतच राहिला.

"काय म्हणतेय ती?" मी कुजबुजलो.

"ती स्वतः दक्षिणेत, लिमासोलमध्ये, एका तुर्काच्या घरात राहते," तो म्हणाला. "पळून आली तेव्हा सरकारने दिलेलं. कुणी तुर्क चौकशी करतोय म्हटल्यावर तिला वाटलं, तिच्या घराचा मालक आला. म्हणतेय, 'बाबा, आता या वयात मला बाहेर काढू नका.'"

उस्ता फळ्यांवर बसले. "नाही हो आई, मी तो नाही. मी तुमच्या घरात राहतो."

आंद्रेआस मला दोघांचं बोलणं भाषांतर करून सांगत होता. मग तिने विचारलं, पश्चिमेकडची भिंत अजून ओल धरते का? उस्ता म्हणाले, धरते, दर पावसाळ्यात. "नवऱ्याला सांगून सांगून थकले होते मी," ती म्हणाली. उस्तांनी मुरादच्या विक्रीचंही सांगून टाकलं, तेव्हा ती स्पष्ट बोलली: "घर माझं आहे. विकू नकोस. राहा."

उस्ता लहान मुलासारखे रडले. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं," म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी मुरादला सही करू नकोस म्हणून बजावलं. मुरादने चार दिवस फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी त्याने बिल्डरला नकार कळवला. बापाला ते सुनेकडून कळलं. मी विचारलं, "उस्ता, आता भीती गेली ना?" ते म्हणाले, "नाही रे. पण आता तिला चहा विचारता येईल."

काम संपलं आणि ते गेले. विमानतळावर माझे दोन्ही हात धरले, मला माफ केल्याचं बोलले मात्र नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांचा आवाजी निरोप आला. एलेनी घर बघायला आली होती. "दोघंही घाबरलो होतो, मोहंदिस. जेवताना घास उतरेना. मग माझ्या बायकोशी तिचं जमलं, हसली वगैरे. संध्याकाळ व्हायला लागली तशी उठली आणि म्हणाली, 'फार उशीर झाला, आता घरी जायला हवं.' बोलली आणि तिथेच थबकली. माझ्या बायकोने तिचा हात धरला. तू असतास तर काय म्हणाला असतास?"