दरबान बाई

नर्सिंगच्या शाळेतल्या आमच्या ट्यूटरबाई शिकवताना कधी फळ्यापाशी उभ्या राहिल्या नाहीत. त्या वर्गाच्या दारात खुर्ची टाकून बसत. दार अरुंद, खुर्ची रुंद, आणि बाई स्वतःही काही सडपातळ नव्हत्या. एकदा त्या बसल्या की आत येणं आणि बाहेर जाणं दोन्ही बंद. फळ्यावर काही लिहायचं असलं तर आमच्यातल्या एकीला उठवत आणि बसल्या जागेवरून सांगत. वॉर्डातल्या आया त्यांना दरबान बाई म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. पण दरबानाला निदान पागोटं तरी मिळतं."

खुर्ची दारात का, हे कळायला आम्हा नव्या मुलींना आठवडासुद्धा लागला नाही. आम्ही म्हणायला विद्यार्थिनी. प्रत्यक्षात त्या इस्पितळात नेमलेल्या सिस्टर कमी आणि खाटा भरमसाट, म्हणून सगळी भिस्त आमच्या हातांवर. सकाळची ड्युटी करून आम्ही दुपारी वर्गात येऊन टेकतो न टेकतो तोच कुठल्या तरी वॉर्डातून बोलावणं यायचं. एकदा एक मुलगी उठून गेली की तो धडा तिचा कायमचा गेला. परीक्षेत मात्र तो हमखास यायचा. बाईंनी शेवटी ठरवून टाकलं, की दुपारच्या तासाला आपल्या अंगावरून जाईल तीच बाहेर जाईल.

रझियाबी नावाची आया बोलावणं घेऊन यायची. "बाई, दो लडकियां भेजो बोलके सिस्टर बोली," ती बाईंच्या पाठीमागून सांगायची. बाई मान न वळवता विचारायच्या, "कुणी मरायला टेकलंय का?" रझियाबी प्रामाणिक होती. "मरने को तो कोई नहीं है बाई, चादरां बदलने के हैं." "मग सिस्टरला सांग, चादरी तासाभरात मळून कुजत नाहीत. या पोरींची डोकी कुजतात." रझियाबी परत जायची. पाच मिनिटांनी इनचार्ज सिस्टर स्वतः यायची आणि मग दारात जे काही चालायचं त्यात आमचे निम्मे तास बुडायचे. तरी बाई खुर्ची हलवत नसत.

मुलींना त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "गंगापूर, फळ्यावर हृदय काढ." "पैठण, तू झोपलीस." मी वैजापूरची, म्हणून जन्मभर वैजापूर. माझ्या लग्नाला आल्या तेव्हा मांडवात नवऱ्यासमोरसुद्धा त्यांनी मला त्याच नावानं हाक मारली. आमच्या सासूबाईंना ते काही रुचलं नाही. बाई त्यांना म्हणाल्या, "नावं तुम्ही लोक लग्नात बदलून टाकता. गाव कुणाच्या बापाला बदलता येत नाही, म्हणून मी तेच लक्षात ठेवते."

त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शन झाली, पाट्या बदलल्या, दप्तरं बदलली, आणि ऐन उमेदीत बाईंना सगळं पुन्हा मराठीतून आणि इंग्रजीतून शिकावं लागलं. त्या शिकल्याही. पण नाडी मोजायच्या ती अखेरपर्यंत उर्दूत. रुग्णाच्या मनगटावर तीन बोटं ठेवून त्यांचे ओठ हलायला लागले की एकसठ, बासठ असं पुटपुटणं कानावर यायचं. खेड्यातल्या बायांना वाटायचं, बाई आपल्यासाठी दुवा मागतायत. बाईंनी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

त्या थकलेल्या असत. हे मुद्दाम सांगते, कारण अशा माणसांबद्दल लिहिताना त्यांना कधी थकवा माहीतच नव्हता असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. बाईंना तो चांगला माहीत होता. संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत गेलं तर त्या मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलेल्या दिसत. घोटे सुजलेले, डोळे मिटलेले. "बाई, दमलात?" असं विचारलं की म्हणायच्या, "दमायला फुरसत लागते बाळ. मी नुसती झिजतेय." या बोलण्यात गाऱ्हाणं नसे. चहात साखर कमी आहे असं सांगावं, तसं सांगायच्या.

पुढे मीही त्याच शाळेत ट्यूटर झाले. परिचारिकांची जी संघटना आहे तिच्या शिक्षण समितीवर बाई कैक वर्षं होत्या. मी नोकरीला लागले तशी त्यांनी मला सभांचं टिपण घ्यायला सोबत न्यायला सुरुवात केली. सभा पुण्याला असायच्या. एसटीच्या प्रवासात बाई खिडकीला डोकं टेकत आणि नगरपर्यंत डोळा उघडत नसत. मी तेव्हा तरुण होते. मला वाटायचं, समिती म्हणजे मोठं प्रकरण असेल, तिथं मोठे विचार चालत असतील. पाहिलं तर एका भाड्याच्या खोलीत आमच्यासारख्याच चार-सहा ट्यूटर बाया, प्रत्येकीच्या पायात सपाट चपला, पिशवीत डबा, आणि डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं. अर्धी सभा कुणाच्या शाळेला सांगाडा नाही आणि कुणाच्या सांगाड्याला हात नाही यात जायची.

बाईंचा ठराव मात्र दर सभेला ठरलेला. दुपारच्या तासाला विद्यार्थिनीला वॉर्डात बोलावू नये आणि इस्पितळानं तिला आपल्या कामाच्या माणसांत मोजू नये. सगळ्या माना डोलवत आणि पुढच्या सभेवर ढकलत. विदर्भाकडच्या एक बाई होत्या, बोलायला सडेतोड. त्या म्हणायच्या, "ताई, तुम्ही म्हणता ते पटतं हो. पण पोरी वर्गात बसवल्या, तर दुपारच्याला त्या लकवा झालेल्या म्हाताऱ्यांना कूस कोण बदलून देणार? तुम्ही का मी?" बाई म्हणायच्या, "पगारी माणसं नेमा." "अन् नाही नेमली तर?" नेमणार नाहीत हे बाईंनाही ठाऊक होतं. पोरी आहेत तोवर कुणीच नेमणार नाही, हेही ठाऊक होतं.

ठराव अखेर मंजूर झाला तो एका चक्करेमुळे. उन्हाळ्याची सभा होती. पंखा बंद. आमच्यातल्या सर्वांत वडील बाई बोलता बोलता पांढऱ्याफटक पडल्या आणि खुर्चीतून घसरल्या. खोलीत आम्ही सगळ्या हाडाच्या नर्सा. एकीनं दाराकडे बघून हुकूम सोडला, "पाणी आण गं." दुसरी दाराकडे बघून म्हणाली, "पाय वर कर गं त्यांचे." तिसरीनं बीपीचं यंत्र मागवलं. विदर्भाच्या बाईंनी तर चिडून विचारलं, "कुठं मेल्या सगळ्या?" दारात कुणीच नव्हतं. तिथं एकही विद्यार्थिनी नव्हती आणि जन्मभर विद्यार्थिनींना सांगायची सवय असलेल्या आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या होतो. आमच्या बाई उठल्या, कोपऱ्यातल्या माठातून पाणी आणलं, वडील बाईंना खाली आडवं केलं, पायांखाली आमच्या डब्यांच्या पिशव्या रचल्या आणि मनगट धरून उर्दूत मोजायला लागल्या.

वडील बाई सावरल्यावर कुणाला कुणाकडे बघवेना. बाई खुर्चीत बसत एवढंच म्हणाल्या, "पोरी नसल्या तर आपल्याला पाणीसुद्धा आणता येत नाही. इस्पितळांचं काय वेगळं आहे?" त्या दिवशी विदर्भाच्या बाईंनीच पहिल्यांदा हात वर केला.

ठराव झाला म्हणजे लगेच काही होत नाही. तो वर गेला, वरून खाली आला, पुन्हा वर गेला. यात बाईंचे केस पांढरे झाले. शेवटी त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास आमच्या इस्पितळानं तो मान्य केला. दुपारच्या तासाला कोणत्याही वॉर्डानं मुली मागवायच्या नाहीत. नव्या सिस्टरच्या जागा भरू, असंही त्याच दमात सांगितलं. पहिली गोष्ट झाली, दुसरी झाली नाही. निरोपाच्या समारंभात बाईंना नारळ दिला, शाल दिली, लांबलचक भाषणं झाली. बाई भाषणाला उठल्या आणि म्हणाल्या, "जागा भरा," आणि बसल्या. लोकांना वाटलं, पुढच्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल सांगतायत. मागची माणसं पुढे येऊन बसली.

काही वर्षांनी बाईंना अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, वाचा शाबूत राहिली. गंगापूरला राहणाऱ्या भाच्यानं त्यांना आमच्याच इस्पितळात बायकांच्या वॉर्डात आणलं. भाचेसून सकाळी यायची, भरवायची, पुसायची आणि दुपारच्या गाडीनं लेकराबाळांत परत जायची. दुपारी अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर. ज्यांचे नातेवाईक जवळ होते त्यांना ते कुशीवर वळवत. ज्यांचं कुणी नव्हतं ते चारपर्यंत छताकडे बघत पडलेले असायचे. बाईही त्यांतल्याच.

इनचार्ज सिस्टर माझ्याकडे आली. बिचारी बाईंच्याच हातची शिकलेली, कन्नड गावची. म्हणाली, "मॅडम, नियम मलाबी ठावं आहे. पण दोन पोरी द्या दुपारच्या. दुसऱ्या कुणासाठी नाय मागत, आपल्या बाईसाठी मागते." मला हो म्हणायचंच होतं. तरी मी आधी बाईंना विचारायला गेले. विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं नंतर फार वाटलं.

"कुणाचा तास मोडून?" बाईंनी विचारलं.

"माझाच. दोघींचाच प्रश्न आहे बाई. मी त्यांना नंतर शिकवीन वेगळं."

"नंतर कधी शिकवतं का कुणी? मी शिकवलं होतं?" त्या थोडा वेळ दम खात पडल्या. "वैजापूर, तो ठराव कशाला केला मग आपण? दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांसाठी? माझ्यावर पाळी आली की मोडायचा?"

मी पोरी दिल्या नाहीत. दुपारी माझा तास असायचा, तो संपला की मी धावत वॉर्डात जाऊन त्यांना वळवायचे. माझे हात एकटीचे आणि बाई जड. राग कुणावर काढावा कळत नव्हतं. ठराव माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. तो चूक होता असं आजही मला म्हणवत नाही. बाईंना तसं पडलेलं बघणंही सोसत नव्हतं. वर्गात शिकवताना माझं अर्धं लक्ष भिंतीपलीकडे असायचं.

एका सकाळी मी गेले तर बाई म्हणाल्या, "भाचेसून पुसताना काहीतरी बघून गप्प झाली. माझं डावं अंग मला काही सांगत नाही. आज तुझा धडा कुठला आहे?"

"पाठीची काळजी," मी म्हटलं. खरंच तोच होता.

"मग वर्ग इथं आण. पुस्तकातल्या चित्रात काही समजत नाही."

दुपारी मी मुलींना घेऊन गेले. खाटेभोवती पडदा लावला. दोघींनी मिळून बाईंना कुशीवर वळवलं आणि मी पाठीवरचा कपडा बाजूला केला. कमरेच्या खाली हाडावर रुपयाएवढी जागा लालभडक झाली होती. मुली मागे सरकल्या. बाईंचं तोंड भिंतीकडे होतं.

"पुढं कोण उभी आहे? कुठली तू?"

"बिडकीनची, बाई."

"बिडकीन, लाल जागेवर बोट दाब आणि उचल. पांढरं पडतंय का?"

पोरीनं दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. "नाय पडत, बाई."

"मग काय समजायचं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई म्हणाल्या, "तिच्याकडं काय बघतेस? परीक्षेत अशीच गप बसशील का?"

"जखम धरली म्हनायचं," ती हळूच म्हणाली.

"बरोबर. का धरली?"

"कूस बदलली नाय म्हनून."

"का नाही बदलली?" याचं उत्तर बाईंनीच दिलं, "माणसं कमी आहेत म्हणून. हे पुस्तकात नाही. तेवढं लिहून घ्या." मग एकेकीला पुढे बोलावून त्यांनी प्रत्येकीला बोट दाबून बघायला लावलं. मला तिथं उभं राहवत नव्हतं, आणि तास माझा होता म्हणून हलताही येत नव्हतं.

तेवढ्यात पडद्यापलीकडून शेजारच्या खाटेवरची म्हातारी बोलली. तिचंही कुणी नव्हतं. "पोरींनो, एवढ्या जणी हायसा, मला बी जरा वळवा गं. सकाळधरनं एका अंगावर हाय."

सगळ्या पोरी माझ्याकडे पाहू लागल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"तास संपायचा आहे अजून," बाई म्हणाल्या. "पण जा."