बांधावरचे काका

काका सदा घाबरलेले असत, आणि धरमतर खाडीकाठच्या आमच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. उधाणाची भरती जवळ आली की त्यांना जेवण जात नसे, हात कापत. मग ते उठून शेताच्या मातीच्या बांधावर जात आणि खेकड्यांची बिळं शोधून चिखलाने बुजवत. त्या बिळांतून बांध फुटून खारं पाणी एकदा भातात शिरलं की पुढे कित्येक वर्षं पीक नाही. लोक त्यांची चेष्टा करत, पण काका निघाले की दोघंतिघं घमेली घेऊन मागोमाग जात. "मी घाबरतो म्हनून तुमी झोपता," असं ते म्हणत. आजोबाही अगदी असेच होते.

पुढे त्यांच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, जमीन एका कंपनीला विकली आणि त्यांना रोह्याजवळच्या अष्टमी गावात फ्लॅटवर नेलं. घाबरणं तेवढं सोबत गेलं. गावात ज्याला काळजी म्हणत, त्याला इथे कटकट म्हणू लागले. काका गॅसचं बटण पुन्हा पुन्हा तपासत, मुलगा शिफ्टला गेला की फोनवर फोन करत. छातीत धडधड व्हायची, अंगाला घाम सुटायचा.

डॉक्टरांकडे मीही गेले होते. घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, त्यांनी विचारलं. भाऊ पटकन नाही म्हणाला. त्याला मुलीचं लग्न जमवायचं होतं. मी आजोबांचं सांगितलं, तर तो माझ्याशी बोलेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, असा स्वभाव रक्तातून येतो, पण नुसत्या रक्ताने माणूस आजारी पडत नाही, भोवती काय घडतं त्यावरही ठरतं. गोळ्या द्या, आणि यांना काहीतरी काम द्या. भावाने त्यातलं 'रक्तातून' एवढंच ऐकलं.

मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले, तेव्हा त्याने काकांना पेणला माझ्याकडे आणून सोडलं. हवापालट म्हणे! काकांनी चहा घेता घेता विचारलं, "मला लपवलं ना गो?" मला खोटं बोलवेना. मी हो म्हटलं.

लग्न झालं. काकांना न्यायला कोणी आलं नाही. एकदा गाव बघायचंय म्हणाले, म्हणून मी रिक्षा केली. कंपनीने तिथे काहीच उभारलं नव्हतं. बांध मधोमध फुटला होता आणि सगळ्या शेतात खारं पाणी भरलं होतं. काका बराच वेळ बघत उभे राहिले. हात कापत नव्हते.

"आता भ्यायला काय रायलंच नाय," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी फोन हातात घेतला नाही, मुलाची चौकशी केली नाही, जेवणही हळूहळू सोडलं. पावसाळ्याआधी गेले. तेराव्याला भाऊ ज्याला त्याला सांगत होता, शेवटी शेवटी बाबा अगदी शांत झाले होते.