प्रशिक्षणात शिरलेले दोन भाऊ

गेल्या मार्चमध्ये, नाशिकच्या आमच्या रुग्णालयात नेतृत्व प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, दोन अनोळखी माणसे वर्गात शिरली आणि नाटकातल्या रुग्णासाठी खाट मागू लागली.

प्रशिक्षण परिचारिकांसाठी होते. पुरुष वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त होणार होत्या. त्या जागेसाठी आम्ही दोघी होतो. मी पंचवटीतली, ती सटाण्याची. पुण्याहून आलेले सर जो शेरा देतील, त्यावर मेट्रन नाव ठरवणार होत्या. जागा मला हवी होती. तिलाही.

सरांनी प्रसंग दिला. मी इन्चार्ज, ती चिडलेली नातेवाईक.

"मोकळेपणाने चिडा," सर म्हणाले.

ती अहिराणीत चिडली. "मना बाप कालपाईन व्हरांड्यात पडेल शे, कोन्ही देखत नही." तिचे वडील त्या वेळी सटाण्याला कांदा निवडत होते.

मी शिकवल्याप्रमाणे मान किंचित झुकवली. "तुमच्या भावना मी समजू शकते."

"भावना ठेव तुझ्याकडे. खाट दे."

वर्गाचे दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर नामपूरचे दोन भाऊ बसले होते. आपली बोली ऐकून ते आत आले. थोरला तिच्या शेजारी उभा राहिला.

"ताई, घाबरू नको. आम्ही शेतस तुना संगे."

धाकट्याने सरांना विचारले, "डॉक्टर तुम्हीच ना?" सर फळ्याकडे सरकले.

मी म्हणाले, "दादा, हे नाटक आहे."

"बाप पडेल शे, नि तुमले नाटक सुचस का?"

मी पुन्हा भावना समजून घेतल्या. धाकट्याने बाह्या वर सारल्या.

तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. "भाऊ, बठा. मना बाप घर शे, बरा शे. तुमना कोन शे आठे?"

दोघे बसले. त्यांची आई सकाळपासून एक्स-रेच्या दाराशी स्ट्रेचरवर होती. सटाण्याच्या सिस्टरने एक्स-रे विभागाला फोन लावला, दोन वाक्ये बोलली आणि मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तेवढं स्ट्रेचर आत घ्या. वॉर्डबॉय जेवायला गेलाय."

मी निघाले. जिना उतरताना लक्षात आले, की इन्चार्ज मी होते.

परत आले तेव्हा सर चहा पीत होते आणि धाकटा भाऊ त्यांना कांदा साठवण्याची पद्धत समजावत होता.

त्यांच्या आईचा एक्स-रे त्याच दुपारी झाला. एप्रिलपासून पुरुष वॉर्डची इन्चार्ज ती आहे. माझ्या ड्युट्या ती लावते.